पट्टीचं दुसरं टोक

देवरी सोडून चिचगडची बस जंगलात शिरली की मार्चअखेरीला खिडकीतून एक वास आत येतो. गोड, जड, किंचित आंबूस. मोहाचा. बसमधल्या कोणाला त्याचं काही नसतं, कारण सगळ्यांच्याच अंगणात तेव्हा मोहफूल वाळत पडलेलं असतं. मी मात्र खिडकीला नाक लावून बसले होते. मी आता गोंदियाच्या कडेला, मुर्रीत राहते. साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. आमच्याकडच्या हवेला राइस मिलच्या कोंड्याचा वास असतो आणि त्याची इतकी सवय झाली आहे की जगाला दुसरा वास असतो हेच विसरायला होतं. मी डोळे मिटून मोहाचा वास लांब लांब आत ओढू लागले. शेजारच्या बाईने "उलटी होऊन राहिली का वं?" म्हणत आपली पिशवी लगबगीने माझ्यापासून दूर सरकवली.

उलटी होत नव्हती. मी एका वाक्याचा अर्थ विचारायला निघाले होते, आणि कोणाला विचारायचा ते मला ठाऊक नव्हतं.

ते वाक्य माझ्या आईचं. दिवाळीनंतर तिला लकवा झाला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं आणि बोलणं गेलं. पुढे थोडं परत आलं, पण आपल्या मर्जीने. मराठी आली नाही, हिंदी आली नाही. कधीमधी एखादा कोकणी शब्द यायचा, कारण आई मूळची काणकोणकडची, समुद्रावरची. चिचगडच्या शाळेतल्या मास्तरांशी, म्हणजे माझ्या बाबांशी, तिचं लग्न कसं जमलं ही गोष्ट आमच्या घरी कोणी कधी पूर्ण सांगितली नाही, तेव्हा मीही सांगत बसत नाही. पण कोकणीपेक्षाही जास्त वेळा तिच्या तोंडून यायचं ते हे वाक्य. वाकड्या जिभेने, चिकटून चिकटून: "बाल ओ यीअ एर अन ओबर."

मी मशीनवर बसले की ती हे म्हणायची. झाडू हातात घेतला की म्हणायची. तिचीच चादर बदलायला गेले की म्हणायची. आजारी माणूस काही म्हणालं म्हणजे त्याला काहीतरी हवंय, हे आपण धरूनच चालतो. मी पाणी दिलं. पंखा लावला, बंद केला. उशी वर घेतली, खाली घेतली. एकदा बाजारातून सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणून भाजली, घरभर वास केला. ती तिने मिटक्या मारत खाल्ली आणि मी ताट उचलायला गेले तर पुन्हा तेच वाक्य. फोनला ऐकवलं, तर फोन म्हणाला की ही पंजाबी असावी. डॉक्टर भले गृहस्थ. म्हणाले, "माताजी को बोलने दो, मतलब मत ढूँढो." त्यांना काय जातंय म्हणायला.

आणि वाक्यासोबत तिचा डावा हात यायचा. तिची खाट मशीनला लागूनच होती. मी साडीचा फॉल लावायला घेतला की तिचा हात सरपटत यायचा आणि फॉलचं लोंबतं टोक मुठीत गच्च धरायचा. सोडायचीच नाही. गिऱ्हाइकाची साडी, सुई चालू, आणि इकडे ही ओढतेय. "आई, सोड. आई, सुई लागेल." एकदा खरंच सुई तिच्या बोटाजवळून गेली. त्या दिवशी मी शेजारच्याला बोलावून खाट उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

आत गेल्यावर ती गप्प झाली. वाक्य गेलं, कोकणी शब्दही गेले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जे वाक्य ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं, ते ऐकू यावं म्हणून मी मशीन थांबवून दाराशी कान देऊ लागले. मला भीती वाटली. तिच्या आत अजून जे काही उरलं होतं, त्याचं दार मीच लावून घेतलं असं वाटलं. ते वाक्य कोणाच्या भाषेतलं आहे एवढं मला माहीत होतं. ती भाषा चिचगडला एकाच बाईची होती, आणि ती बाई तिथून जाऊन जन्म लोटला होता.

सिस्टर नोरा. गावात तिला सगळे नोराबाई म्हणत. ती आयर्लंडची, तिथल्याही पार पश्चिमेच्या टोकाची, जिथे लोक घरात आयरिश बोलतात आणि इंग्रजी शाळेत शिकतात. चिचगडला जंगलाच्या कडेला छोटा दवाखाना होता, कौलारू, पुढे पडवी आणि मागे मोहाचं झाड. तो ती चालवायची. उंच, हाडं दिसणारी बाई. हात सदा लाल, आणि अंगाला कार्बोलिक साबणाचा वास. तिला हिंदी येई ती औषधापुरती: कब से है, कहाँ दुखता है, खाली पेट नहीं. माझ्या आईलाही तेव्हा हिंदी येई ती बाजारापुरती. झाडीबोली तर आईच्या डोक्यावरून जायची. बायका विहिरीवर हसल्या तरी ही उगाच ओशाळी व्हायची.

तर अशा या दोघी. एकीची भाषा गावात कोणाला कळत नव्हती, दुसरीची भाषा देशात कोणाला कळत नसावी. आणि दोघी एकमेकींना आपापली भाषा देऊ लागल्या. कोकणीतून आयरिश, आयरिशमधून कोकणी. मधली पायरी म्हणून मोडकी हिंदी आणि हातवारे. जगात आणखी कुठे कोणी हा उद्योग केला असेल असं मला अजूनही वाटत नाही.

हा उद्योग चालायचा पट्ट्या गुंडाळताना. तेव्हा जखमेच्या पट्ट्या तयार येत नसत. जुनी धोतरं मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळायची, तारेवर वाळवायची, लांब लांब फाडायची आणि घट्ट गुंडाळून ठेवायची. संध्याकाळी दवाखाना रिकामा झाला की आई मला घेऊन तिथे जायची. पडवीच्या एका टोकाला सिस्टर नोरा बसायची, दुसऱ्या टोकाला आई. आई पट्टीचं टोक मुठीत धरून ती ताणून ठेवी, सिस्टर दुसरीकडून गुंडाळत गुंडाळत पुढे सरके. पट्टी आखूड होत जाई आणि दोघी जवळ येत. शेवटी गुडघ्याला गुडघा लागे, गुंडाळी आईच्या मुठीला टेके. मूठ मात्र लगेच उघडायची नाही. सिस्टरने एक आयरिश वाक्य म्हणायचं, आईने ते कोकणीत सांगायचं, मग मूठ उघडायची. पुढच्या पट्टीला उलट.

नियम एकच होता. वाक्य त्या दिवशी खरोखर वापरलेलं किंवा वापरावंसं वाटलेलं पाहिजे. उगाच शोभेचं नको. आणि काही लिहायचं नाही. लिहून ठेवलं की माणूस निवांत होतं आणि विसरतं, असं आईचं म्हणणं होतं. लिहायचं तरी कोणत्या लिपीत, हाही प्रश्न होताच.

मला आठवतं ते पहिलं वाक्य भुकेचं. सिस्टर म्हणाली, "ता ओक्रस ओरम." मग पोटावर हात ठेवला, मग तोच हात खांद्यावर नेऊन दाबला, आणि म्हणाली, "हमारे यहाँ भूख ऊपर बैठता है. आदमी के ऊपर." आईने तेच आपल्या भाषेत मनात जुळवलं. आपल्या वाक्याकडे तिने तोवर कधी पाहिलंच नसावं. मग हळूच म्हणाली, "म्हाका भूक लागल्या. हमारे यहाँ भूख आके लगता है." दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. कुठे काणकोण, कुठे ते आयर्लंडचं टोक, आणि दोन्हीकडे माणूस स्वतः भुकेला होत नाही, भूकच बाहेरून येते आणि त्याला गाठते. मी पडवीच्या खांबाला टेकून बसले होते. मला वाटलं, यांना काहीतरी मोठं सापडलं. आजही तसंच वाटतं.

मग एकेक करून वाक्यं निघू लागली. आत ये म्हणायचं तर सिस्टर म्हणे, "तार इश्त्याख." आई म्हणे, "भितर यो." सिस्टरचं दुःखही माणसाच्या वर बसे, "ता ब्रोन ओरम." आईचं दुःख डोळ्यांना दिसे, "म्हाका वायट दिसता." आभार मानायला सिस्टर "गो रेव माह अगत" म्हणे. म्हणजे काय, तर तुझ्यापाशी चांगलं असो. आईने लगेच दिलं, "देव बरें करूं." आभार असे कोणी मानतच नव्हतं. दोन्हीकडे सरळ आशीर्वादच देऊन टाकत होते.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत पट्ट्यांना चिखलाचा वास यायचा, कारण सिस्टरच्या हातांना तो असायचा. धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांत भुशाने सगळ्यांना शिंका यायच्या आणि शिंकेवरही दोन्ही भाषांत काही ना काही म्हणायचं असायचं. उन्हाळ्यात तेंदूपानांची पुडकी बांधणाऱ्या बायका पडवीत पाणी प्यायला थांबत आणि या दोघींचं ऐकून पदर तोंडाला लावून हसत. आई आता ओशाळत नव्हती.

एकदा दोघी मला बोडीवर घेऊन गेल्या. आमच्याकडे शेतासाठी बांधलेल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. दोघींना मला दर्या समजावून सांगायचा होता. आई म्हणाली, रोज पाणी वर येतं, ती भरती. मग मागे जातं, ती सुकती. सिस्टरही आपल्या भाषेत तेच सांगू लागली आणि दोघींचे हात एकदमच पुढे गेले, एकदमच मागे आले. मी बोडीकडे पाहिलं. ती आपली जागच्या जागी. "पानी जाते कायले?" मी विचारलं. माझी तेव्हा सगळी झाडीबोलीच. "आनि गेलं तं वापस काऊन येते?" दोघींपैकी कोणालाच सांगता येईना. हसू लागल्या, आणि हसता हसता दोघींचे डोळे भरले. इतकं पाणी रोज कोणी न सांगता जातं आणि न चुकता परत येतं, हे मी त्या दिवसापासून मनात धरून बसले आहे. खरा समुद्र पुढे एकदा पाहिला, पण त्या दिवशीचा मोठा होता.

नोराबाई गेली तेव्हा गावच्या जीपपर्यंत आई सोबत गेली. निघताना सिस्टरने आपल्या भाषेत निरोप घेतला, सुखरूप रहा अशा अर्थाचा. आईने मान हलवली. "येतां म्हण," ती म्हणाली. सिस्टरला कळेना, जाताना येते असं कसं म्हणायचं. आईने तिचा हात सोडलाच नाही. "येतां म्हण." सिस्टर म्हणाली, "येतां हां." मग आईची मूठ उघडली. त्यानंतर दवाखान्यात कागदात गुंडाळलेल्या तयार पट्ट्या येऊ लागल्या. आई हळूहळू झाडीबोली बोलायला शिकली, विहिरीवर तीही हसू लागली, आणि घरात कोकणी ऐकू येईनाशी झाली. मला त्या वाक्यांतली मूठभर राहिली, बाकीची कुठे सांडली कोण जाणे.

बस चिचगडला थांबली तेव्हा ऊन चढलं होतं. दवाखाना बंद पडलाय हे मला माहीत होतं. पडवीचं छप्पर एका बाजूने बसलं होतं, खांब होते. मोहाचं झाड मात्र तसंच, आणि त्याच्याखाली एक म्हातारी बाई उकिडवी बसून फुलं वेचत होती. बाजूला बांबूची टोपली. खाली सगळीकडे पिवळट, मांसल फुलं पडली होती आणि तो वास.

मी तिला हाक मारायला तिच्याजवळ गेले. विचारायचं होतं की इथे जुनं कोणी आहे का, नोराबाईला ओळखणारं. पण त्याआधीच मी खाली बसले होते. का बसले ते मला सांगता येणार नाही. माझ्या हाताने ओंजळभर फुलं वेचली, तिच्या टोपलीत टाकली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाल ओ यीअ एर अन ओबर."

मी स्वतःच दचकले. म्हातारी दचकली नाही. तिने मान तिरपी करून माझ्याकडे पाहिलं.

"नोराबाईवानी करून राहिली तू," ती म्हणाली. "कोनाची वं?"

"मास्तरांची. कोकणीबाईची पोरगी."

"बापा. मी कौतिका. तुमच्या घरामांगं राहो आमी. तुले कडेवर घेऊन फिरली मी, आनि तू मले ओळखत नाहीस."

मी तिला विचारलं, नोराबाई हे केव्हा म्हणायची.

"केव्हा म्हंजे? कोनी काम करून राहिलं दिसलं का म्हने," कौतिकाबाई म्हणाली. हात फुलं वेचतच होते. "रोवना असो, जातं असो, झाडझूड असो. रिकाम्या हातानं पुढं जायेच नाही ते बाई. पयले थांबे, ते काईतरी म्हने, मंग आपला हात लावे. धानाचे दोन परे रोवे, जात्याचा एक फेरा ओढे. कामाजवरून हात न लावता गेलं तं कामाची बरकत आपल्यासंगं जाते, असं तिच्या गावाकडं मानत. तुई माय बी तसीच झाली मंग. आमी हासो तिले. पन येकदा सवय झाली तं कोनी थांबल्याबिगर गेलं का आमालेच वाईट वाटे." तिने टोपली जवळ ओढली. "कसी हाये तुई माय?"

"लकवा झाला तिला," मी म्हटलं. डोळ्यांपुढे दवाखान्याची पडवी आली. सिस्टर फाटकातून आत येतेय, आई वाकून अंगण झाडतेय, सिस्टर ते वाक्य म्हणते, आईच्या हातातला झाडू घेते, दोन हात मारते आणि परत देते. आणि आई कमरेवर हात ठेवून कोकणीत सांगते, "तुज्या कामाक देव पावूं." हे रोजचं होतं. इतकं रोजचं की लक्षात ठेवायची गरजच पडली नव्हती.

आईला पाणी नको होतं, पंखा नको होता, काहीच नको होतं. मी काम करताना दिसत होते, म्हणून ती माझ्या कामाला देव पावो म्हणत होती. आणि म्हणून झालं की रीतीप्रमाणे हात लावत होती. एकच हात चालत होता, तो लावत होती. आणि मी तिला म्हणत होते, सोड.

कौतिकाबाईने मला बसवून घेतलं, चहा घेऊन जा म्हणाली, पण मला बस गाठायची होती. तिने पदरात मूठभर ओला मोह बांधून दिला. परतीच्या वाटेवर तो वास सगळ्या बसला आला असेल. मला आता कोणाचं काही नव्हतं.

मुर्रीत पोचले तेव्हा उन्हं कलली होती. शेजारीण आईजवळ बसून होती. मी तिच्या नवऱ्याला हाक मारली, खाट बाहेर आणली आणि मशीनला लागून होती तिथे पुन्हा ठेवली. पदरातला मोह आईच्या उशाशी सोडला. तिने नाक हलवलं आणि भिंतीकडे वळलेलं तोंड इकडे केलं.

सकाळी निघताना मी साड्यांचे फॉल भिजवून तारेवर टाकले होते. नव्या फॉलचं कापड आटतं, म्हणून आधी भिजवावं लागतं. ते वाळले होते. एक काढून आणला, मशीनवर न बसता खाली जमिनीवर बसले, आणि एक टोक आईच्या डाव्या हातात दिलं. तिने बघितलं. मग मूठ मिटली. मी फॉल घेऊन मागे सरकत दारापर्यंत गेले आणि तिथून गुंडाळू लागले.

तिने तो ताणून धरला. पडल्या पडल्या, अर्ध्या अंगाने, पण हवा तेवढाच ताण. ती म्हणाली, "बाल ओ यीअ एर अन ओबर." कितीतरी दिवसांनी ते ऐकलं. मी म्हटलं, "देव बरें करूं," आणि गुंडाळत पुढे सरकत राहिले. फॉल आखूड होत गेला. मी खाटेशी आले, गुंडाळी तिच्या मुठीला टेकली. मूठ उघडेना.

ती वाट बघत होती. नियम मला माहीत होता. वाक्य आजचं पाहिजे, खरं पाहिजे. मी आठवू लागले. माझ्यापाशी उरलेल्या मूठभर वाक्यांतलं आज खरं असलेलं कोणतं, ते शोधायला फार वेळ लागला नाही. सकाळच्या चहानंतर माझ्या पोटात काही नव्हतं.

"ता ओक्रस ओरम," मी म्हटलं.

तिचे ओठ हलले. वाकडं तोंड ते वाक्य कुठूनतरी लांबून ओढून आणत होतं.

"म्हाका," ती म्हणाली. "म्हाका भूक लागल्या."

मूठ उघडली. फॉल माझ्या हातात आला. पण तिचं झालं नव्हतं. तिने तोच हात उचलून माझ्या गालाला लावला, आणि कोकणीत, अगदी स्पष्ट, मला विचारलं, "जेवण जालें गो?"

नाही, मी म्हटलं. अजून नाही जेवले.